साहेबांच्या चाकामागे

साहेबांनी मला पहिल्यांदा विचारलं ते ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनपाशी. सायकल चालवतोस का, एवढंच. मी हो म्हणालो. खरं तर नाशिक सोडल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता, आणि नाशिकमध्येही ती कॉलेजला जायला आणि दळण आणायलाच होती. पण साहेबांच्या प्रश्नाला आधी हो म्हणायचं आणि मग घरी जाऊन विचार करायचा, ही आमच्या घरातली रीत. वडील सरकारी खात्यात होते, त्यांनी जन्मभर तेच केलं. साहेब म्हणाले, मग शुक्रवारी पहाटे ये.

हे साहेब इंग्रज. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, गॅसच्या प्रकल्पावर आमच्या विभागाचे प्रमुख. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मला दोह्यात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि नुकतीच शाळेत जायला लागलेली मुलगी, अल नस्रमधल्या एका फ्लॅटमध्ये राहत होतो. ऑफिसातले बाकीचे इंग्रज साहेबांना सरळ नावानं हाक मारत. मलाही त्यांनी तसं दोनदा सांगून पाहिलं. माझी जीभच वळेना. मी 'सर' म्हणत राहिलो आणि त्यांनी सांगायचं सोडून दिलं.

कॉन्ट्रॅक्ट संपवून परत निघालेल्या कोणाची तरी जुनी सायकल त्यांनीच मला मिळवून दिली. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल, आणि सीट इतकी अरुंद की पहिला महिना मी ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसत होतो. त्या सायकलबरोबर घालायची ती काळी घट्ट चड्डी बघून बायकोनं शांतपणे विचारलं, "तुम्ही हे घालून लिफ्टनं जाणार?" आमच्या वरच्या मजल्यावर वसईच्या दोघी नर्सेस राहायच्या आणि नाइट ड्यूटीवरून त्या नेमक्या त्याच वेळी परत यायच्या. म्हणून मी सायकल खांद्यावर घेऊन जिन्यानं उतरलो. लिफ्ट बंद होती, त्यामुळे त्या दोघी जिन्यातच भेटल्या. बिचाऱ्या भिंतीकडे बघत वर गेल्या.

अल गराफाच्या पुढे, जिथे व्हिला संपून मोकळी वाळू लागायची, तिथे गाड्या उभ्या करून आम्ही दुखानच्या रस्त्यानं पश्चिमेला निघायचो. शुक्रवारी पहाटे तो रस्ता रिकामा असे. आणि सपाट. पोळपाटासारखा सपाट. साहेबांना त्या सपाटीचं फार दुःख होतं. इथे चढ नाही, ते म्हणायचे, म्हणून इथे वाऱ्यालाच चढ समजायचं. वारा समोरून असला की खरंच तसं वाटे. पाय फिरतायत, घाम वाहतोय आणि शेजारचा विजेचा खांब काही मागे जात नाही.

साहेबांना इंग्लंडची आठवण यायची ती फक्त सायकलवर. ऑफिसात ते पाइपलाइन, व्हॉल्व्ह आणि मुदती यांच्याशिवाय एक अक्षर बोलत नसत. पण इथे, समोर सरळ रेषेत गेलेला रस्ता, दोन्हीकडे वाळू, लांबवर एखादा उंट, अशात ते मान न वळवता सांगायला लागायचे. आता इथे उतार लागतो. खाली ओढ्यावर दगडी पूल आहे, पुलापाशी हळू व्हायचं, कारण पलीकडून ट्रॅक्टर येतो. मग चढ, दोन्ही बाजूंना झुडपांचं उंच कुंपण, वर पोचलं की चर्च, चर्चच्या मागे केक चांगला मिळतो. मी मान वर करून बघायचो तर समोर पेट्रोल पंप. मी 'हो सर' म्हणायचो. ते हे मला सांगत होते, का स्वतःला, हे मला कधीच कळलं नाही. कधीकधी तर मला असं वाटायचं की आपण शुक्रवारचे त्यांच्या डोक्यातल्या रस्त्यावरून चाललोय आणि आपल्याला तेवढं दिसत नाही.

सायकलवाल्यांचं एक तंत्र मला पहिल्याच महिन्यात समजलं. पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवलं की वारा तो खातो आणि मागचा सुखात जातो. आणि साहेबांच्या पुढे जायचं नसतं, हे तर मला जन्मापासून माहीत होतं. त्यामुळे माझी जागा ठरलेलीच होती. येताना वारा पाठीवर असला की माझी सायकल आपोआप त्यांच्या बरोबरीला यायची. मी अदबीनं ब्रेक दाबून मागे व्हायचो. या अदबीचा मला जरा अभिमानही होता. बाकीचे कोणी आले, त्यांच्यातले दोन-तीन गोरे मधूनमधून यायचे, तर ते खुशाल साहेबांना ओलांडून पुढे जायचे आणि मला त्यांची रीतभात बघून आश्चर्य वाटायचं.

साहेबांना एक खोड होती. मधूनच ते डावं कोपर बाहेर झटकायचे. एकदा, दोनदा, वारा जास्त असला की पुन्हा पुन्हा. मला वाटलं, कोपर धरलंय. या वयात होतं. मी नाशिकहून सुट्टीवरून येताना त्यांच्यासाठी महानारायण तेलाची मोठी बाटली आणली आणि रोज रात्री कोमट करून चोळा म्हणून सांगितलं. त्यांनी बाटली हातात फिरवून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आभार मानले. गोंधळल्यासारखे दिसले, पण इंग्रज माणूस भेट घेताना असाच दिसत असेल असं मी धरून चाललो.

वर्षं अशीच गेली. आम्ही अल नस्र सोडून अल गराफात राहायला आलो, म्हणजे सायकल घेऊन जिना उतरणं संपलं. राइड झाली की मल्याळी माणसाच्या टपरीवर आम्ही दोघं कडक चहा प्यायचो. तिथे लोक गाडीतून हॉर्न वाजवायचे आणि चहा गाडीपर्यंत यायचा; आम्हा दोघांना हॉर्न नसल्यामुळे उभं राहावं लागे. चहा पिताना साहेब माझ्या मुलीच्या शाळेबद्दल विचारायचे, मी त्यांच्या गावाबद्दल विचारायचो. एकदा मुलीनंच मला विचारलं. ती आमचं मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. "बाबा, इज ही युवर फ्रेंड ऑर युवर बॉस?" मी म्हणालो, असं काय विचारतेस. ती म्हणाली, नाही, खरंच सांग. तो प्रश्न मग माझ्या मानगुटीवर बसला तो बसलाच. दर आठवड्याला जो माणूस तुमच्याबरोबर पहाटे उठतो, तो तुमचा मित्र नाही तर कोण? आणि मित्र असेल तर मी त्याच्याशी बोलताना अजून पोट आत का घेतो?

साहेब निवृत्त व्हायला दोन महिने राहिले तेव्हा उत्तर मिळालं असं मला वाटलं. तोवर सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली होती. त्या आठवड्यात त्यांनी मला फोन केला नाही. मी म्हटलं, दमले असतील. रविवारी ऑफिसात कळलं की साहेब आणि ते दोन-तीन गोरे अल रुवैसपर्यंत, म्हणजे पार उत्तरेच्या टोकापर्यंत सायकलनं गेले होते. कतारमधली साहेबांची शेवटची मोठी राइड. माझ्या टेबलापाशी उभं राहून एकजण मला समुद्राचं, वाऱ्याचं सगळं वर्णन सांगत होता आणि मी हसून ऐकत होतो. मला फार लागलं ते. इतकी वर्षं मागे चाललो, एकदा तरी तक्रार केली का? घरी येऊन मी सायकल स्टोअररूममध्ये ढकलली. बायको म्हणाली, सरळ विचारा ना त्यांना. मी म्हणालो, साहेबांना असं विचारतात का कोणी.

आणि निरोपाच्या पार्टीत हेच साहेब माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तू आमच्याकडे यायलाच हवंस. तुला आमचे रस्ते दाखवायचेत." त्यांचे डोळे ओले होते की तिथल्या धुळीनं लाल झाले होते, देव जाणे. माझं डोकं चालेना. रुवैसला न नेणारा माणूस मला इंग्लंडला बोलावतो?

यावर आमच्या घरी बराच खल झाला. बायको पुण्याची. ती म्हणाली, आपणही दारात उभं राहून म्हणतोच की, या एकदा घरी. कोणी खरंच बॅग घेऊन आला तर? माझं म्हणणं, इंग्रज बोलतो ते मनापासून. ती म्हणाली, कशावरून? कशावरून ते मला माहीत नव्हतं. शेवटी पुढच्या वर्षी मी नाशिकच्या सुट्टीतला एक आठवडा तोडला आणि व्हिसा काढला. आईनं फोनवर विचारलं, "तिकडे आपलं कोण आहे?" मी लाइन नीट येत नाही असं सांगितलं.

साहेबांचं गाव वेल्सच्या सीमेजवळ. घर दगडी, मागे सफरचंदाची झाडं. साहेबांच्या बायकोनं माझ्या खोलीत घडी घातलेले तीन टॉवेल ठेवले होते आणि चीज चालतं ना, अंडं चालतं ना, पाऊस चालतो ना, असं सगळं फार सौजन्यानं विचारलं. दोह्यात त्या मला जशा भेटायच्या तशाच, चार हात दूर. साहेबांनी त्यांची जुनी सायकल माझ्या उंचीला बसवून ठेवली होती. मला भरून आलं. मग वाटलं, पाहुण्याचं करतातच.

आणि ते रस्ते. इतकी वर्षं ऐकलेले. मला वाटलं होतं, मी ते ओळखीन. काहीच ओळखता येईना. रस्ता म्हणजे एक अरुंद घळ, दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेली झुडपं, वळण, पुन्हा वळण, आणि वळणापलीकडे काय आहे याचा पत्ता नाही. कतारमध्ये आपण कुठून आलो आणि कुठे चाललो हे सगळं एकदम दिसतं. इथे फक्त पुढचे वीस फूट. वर चढतो म्हणेस्तोवर उतार, उतार म्हणेस्तोवर भिंतीसारखा चढ. मला गिअर म्हणजे शोभेची वस्तू वाटायची, कारण इतक्या वर्षांत मी दोनच वापरले होते. इथे चुकीच्या वेळी चुकीचा गिअर पडून मी एका चढावर उभ्या उभ्या आडवा झालो. त्यात डावीकडून चालवायचं. नाशिकमध्ये डावीकडूनच चालवत होतो, पण कतारनं ती सवय पुसून टाकली होती, आणि एका वळणावर मी उजवीकडून गेलो तर समोर ट्रॅक्टर. त्यावरच्या बाईनं हात हलवून 'सावकाश' अशी खूण केली. दगडी पूल आला तेव्हा मी विचारलं, तोच का हा? साहेब म्हणाले, नाही, तो दुसरा. असे सहा पूल झाले.

रविवारी त्यांचा गावातला चमू बरोबर होता. सगळे सत्तरीकडे झुकलेले, केक खायला निघालेले. खाली दरीत रस्ता जरा सरळ होता, वारा समोरून होता आणि आम्ही एका ओळीत चाललो होतो. सगळ्यात पुढच्या म्हाताऱ्यानं कोपर बाहेर झटकलं. त्याच्या मागचा पुढे आला, तो स्वतः कडेला सरकून ओळीच्या शेवटी आला. थोड्या वेळानं नव्या पुढच्यानं कोपर झटकलं. त्याच्या मागचा पुढे. मी बघत राहिलो. माझ्या अंगावर काटा आला, थंडीचा नव्हे. एवढ्या सगळ्यांची कोपरं एकाच रविवारी धरणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी साहेब सफरचंदाखाली बसले होते. मी समोर जाऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबाला सरळ प्रश्न विचारला. म्हणालो, सर, रुवैसला तुम्ही मला का नेलं नाहीत?

ते म्हणाले, तू कधीच पुढे येत नव्हतास म्हणून. लांबच्या राइडला प्रत्येकानं वारा वाटून घ्यायचा असतो. तू सगळा रस्ता फुकट मागे राहून येणार, हे बाकीच्यांना पटलं नाही आणि मला ते खोडून काढता आलं नाही. "मी तुला दर शुक्रवारी खूण करत होतो," ते म्हणाले.

मी सांगितलं की मला वाटलं, कोपर दुखतंय.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. म्हणजे ते तेल, ते म्हणाले. ते त्यांनी वर्षभर सायकलच्या चेनला लावलं होतं. चेनला वास फार छान यायचा म्हणे. आम्ही हसलो, पोट धरून हसलो. मग मी त्यांना साहेबांच्या पुढे जाण्याबद्दल, माझ्या वडिलांबद्दल, सगळं समजावून सांगितलं, आणि ते हसायचे थांबले.

"मला वाटायचं तू नाइलाजानं येतोस," ते म्हणाले. "मी बॉस होतो म्हणून. दर आठवड्याला मी स्वतःला विचारायचो, याला बोलवावं की आता याची सुटका करावी."

पहिल्या हिवाळ्यात ते अगदी खरं होतं. नंतर कधीतरी ते खरं राहिलं नव्हतं. पण कधी? मला ती पहाट आठवेना. मी म्हणालो, नाही सर, मला खरंच आवडायचं. माझ्याच कानाला ते ऑफिसातल्या उत्तरासारखं लागलं. साहेबांनी मान हलवली, जशी ते माझे प्रोग्रेस रिपोर्ट वाचून हलवत. त्यांना पटलं नव्हतं. त्या रात्री मी तीन टॉवेल असलेल्या खोलीत पडून विचार करत होतो की मित्र आहोत की नाही हे ज्या दोघांनी ठरवायचं, त्या दोघांनाही ते ठाऊक नाही, तर आता कोणाला विचारायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच निघालो. जेवायच्या वेळेला परत या, असं साहेबांच्या बायकोनं बजावलं होतं. गाव संपल्यावर साहेबांनी कोपर झटकलं. मी पुढे गेलो. वारा थेट छातीवर आला. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी वारा ओळखतो.

पुढे असण्यात एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मागचा माणूस दिसत नाही. फक्त त्याचा श्वास ऐकू येतो. साहेबांचा श्वास मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि तो माझ्या कल्पनेपेक्षा बराच म्हाताऱ्या माणसाचा होता. मी वेग जरा कमी केला. मग रस्त्याला दोन फाटे फुटले. पाटीवरची दोन्ही गावं मला अनोळखी. मी ओरडून विचारलं, डावीकडे की उजवीकडे? मागून काहीच आलं नाही. ऐकू गेलं नसेल असं वाटून मी उजवीकडे वळलो, कारण तिकडे उतार दिसत होता.

उतार संपला आणि जो चढ लागला तो संपेना. झुडपं, वळण, चढ. मी सगळ्यात हलक्या गिअरवर, जीभ बाहेर काढून. मागे तो श्वास, अडखळत, पण सुटला नाही. माथ्यावर एक फाटक होतं आणि पलीकडे मेंढ्या. आम्ही फाटकाला टेकून उभे राहिलो. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. बोलण्याइतकी हवा जमल्यावर ते म्हणाले, "रस्ता चुकलाय. गाव अगदी उलट्या बाजूला राहिलं."

मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"खाली. तू वळलास तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पुढे होतास," साहेब म्हणाले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ केव्हाच उलटून गेली होती. साहेबांची बायको दारातच उभी होती. आधी तिनं नवऱ्याला झापलं. गुडघ्याच्या डॉक्टरनं चढ चढायचे नाहीत म्हणून सांगितलंय, ते विसरलास का? मला हे गुडघ्याचं काहीच माहीत नव्हतं. साहेब बुटांकडे बघत होते. मग ती माझ्याकडे वळली. मी तोंडभर हसून काहीतरी सॉरी म्हणायला लागलो, तर तिनं मलाही तोडलं. "आणि तू हसू नकोस. तुला घड्याळ कळत नाही? बटाट्यांचा कोळसा झालाय. बूट बाहेर काढ, चिखल आत आणू नकोस, आणि हात धुऊन ताटं मांड."

पाहुण्याशी असं कोणी बोलत नाही. मी बूट बाहेर काढले, आत जाऊन चार कपाटं उघडली तेव्हा ताटं सापडली, आणि ती मांडताना मला इतकं बरं वाटत होतं की करपलेले बटाटे मी दोनदा मागून घेतले.